ऑनलाइन नाणी घेताना या चुका टाळा: फुगवलेला ग्रेड आणि फसवी वर्णने

बनावट नाण्याची धास्ती प्रत्येक संग्राहकाला असते, त्यामुळे तिथे तो जपून असतो. खरे नुकसान बहुधा दुसरीकडेच होते. नाणे अस्सल असते, पण ते दोन-तीन पायऱ्या वरच्या ग्रेडच्या (नाण्याच्या स्थितीच्या दर्जाच्या) भावाने गळ्यात पडते आणि विकायला काढेपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही.

शीर्षकातला आकडा खरा धरणे

१ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली. आज ती जगभरातल्या नाण्यांना लावतात. २० ते ३५ म्हणजे व्हीएफ (व्हेरी फाइन), ४० आणि ४५ एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), ५० ते ५८ एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड) आणि ६० पासून पुढे एमएस (मिंट स्टेट), म्हणजे चलनात न फिरलेले नाणे. नाण्याशी ज्याचा आर्थिक संबंध नाही अशा त्रयस्थाने दिला, तरच या आकड्याला अर्थ असतो. सुट्या, म्हणजे प्रमाणित डबीत बंद नसलेल्या, नाण्याच्या शीर्षकात विक्रेत्याने ‘एमएस-६५’ लिहिले तर ते फक्त त्याचे मत असते. त्याखाली तो प्रमाणित एमएस-६५ नाण्याचा कॅटलॉगमधला भाव देतो आणि ‘निम्म्या किमतीत’ असे लिहितो. तुलनाच चुकीची असते, कारण सुट्या नाण्याची तुलना सुट्या नाण्याच्या झालेल्या विक्रीशीच करायला हवी.

‘जेम’, ‘चॉइस’, ‘सुपर यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड), ‘बीयू’ (ब्रिलियंट अनसर्क्युलेटेड) हे शब्द कोणीही लिहू शकतो. प्लास्टिकची बंद डबी (स्लॅब) आणि छापील लेबलही कोणीही बनवू शकतो. म्हणून ‘स्लॅब आहे’ एवढे वाचून थांबू नका, स्लॅब कोणाचा आहे ते पाहा. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या ग्रेड देणाऱ्या कंपन्यांचे ग्रेड बाजारात सर्वाधिक मानले जातात. अनोळखी नावाच्या स्लॅबमधले नाणे सुटेच आहे असे समजून भाव ठरवा.

५८ आणि ६३ मधला फरक फोटोत न शोधणे

सगळ्यात जास्त पैसा याच फटीत जातो. एयू-५८ चे नाणे जेमतेम झिजलेले असते. पृष्ठभाग कित्येकदा एमएस-६१ पेक्षाही देखणा असतो, त्यामुळे ते ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणून सहज खपते. ओळखायचे ते छापातल्या सगळ्यात उंच जागांवरून. चेहरा असेल तर कानावरचे केस, गाल आणि भुवई, पक्षी असेल तर छातीची पिसे. अमेरिकेच्या चांदीच्या मॉर्गन डॉलरवर लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवीच्या) कानावरची बट आणि गरुडाची छाती आधी घासली जाते.

तिथे काय पाहायचे? नाणे पाडताना ठशाच्या दाबाने धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि अतिसूक्ष्म रेषा उमटतात. मिंटची मूळ चकाकी या रेषांमुळे असते. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू कलते केले की प्रकाशाचा पट्टा पृष्ठभागावरून गोल फिरतो. न फिरलेल्या नाण्यावर तो उंच जागांवरूनही अखंड जातो. झिजलेल्या नाण्यावर नेमका तिथे तुटतो आणि चांदी मळकट राखाडी, तांबे मंद तपकिरी दिसू लागते. ठसा कमकुवत बसला असेल तरी केसांच्या रेषा गायब दिसतात, मात्र चकाकी तशीच पुढे जाते, आणि बऱ्याचदा नाण्याच्या मागच्या बाजूला नेमक्या त्याच जागी छाप फिका असतो. ‘झीज नाही, स्ट्राइक वीक आहे’ असे विक्रेता म्हणाला तर याच दोन खुणा तपासा.

स्थिर फोटोत हे कळत नाही. एकाच दिव्याखाली नाणे कलते करत घेतलेला दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मागा, दोन्ही बाजूंचा आणि कडेचाही. महागडे नाणे विकणारा माणूस एवढेही देत नसेल तर ते नाणे सोडून द्या, असेच आमचे मत आहे.

चमक म्हणजे चांगले नाणे असे मानणे

जुन्या नाण्याला पॉलिश करणे हा त्यावरचा सगळ्यात दुर्दैवी उपचार आहे. गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. फोटोत पकडायला एक साधी विसंगती पुरते: छाप व्हीएफइतका झिजलेला आणि मोकळी जागा मात्र लखलखीत. इतक्या झिजेनंतर मिंटची चकाकी उरूच शकत नाही, म्हणजे चमक नंतर आणलेली आहे. अक्षरांच्या कोपऱ्यांत काळा मळ आणि भोवती आरशासारखी जागा असेल तर तेही पुसल्याचेच लक्षण. एकाच दिशेने जाणारे बारीक समांतर ओरखडे म्हणजे कापड किंवा पेस्ट. फिरत्या तारेच्या ब्रशने घासलेले नाणे वरवर चकाकी असल्यासारखे दिसते, पण कलते केल्यावर प्रकाशाचा पट्टा फिरत नाही आणि अक्षरांच्या एका बाजूला धातू सरकून बारीक कड साचलेली दिसते.

ओरखडे लपवायचे दोन सोपे मार्ग आहेत: जास्त प्रकाशात पांढराफटक पडलेला फोटो आणि स्कॅनरवर काढलेली सपाट प्रतिमा. दागिन्यातून काढलेल्या नाण्याची खूण कडेवर, बहुधा चेहऱ्याच्या डोक्यावरच्या बाजूला असते: कडी झाळल्याचा डाग किंवा घासून गुळगुळीत केलेला तुकडा. म्हणून कडेचा फोटो हवाच. निळ्या-जांभळ्या टोनिंगसाठी (काळाने पृष्ठभागावर चढलेल्या रंगछटेसाठी) वाढीव पैसे मोजताना रंग पाहा. नैसर्गिक रंग एकातून दुसऱ्यात हळूहळू मिसळत जातो. तापवून किंवा रसायनाने आणलेला रंग भडक असतो, ठिगळासारखा बसतो आणि ओरखड्यांच्या आतही शिरलेला दिसतो.

लेबल पूर्ण न वाचणे

‘एनजीसी यूएनसी’ असे शीर्षक आणि लेबलचा वरचा अर्धाच भाग फोटोत. कापलेल्या अर्ध्या भागात ‘यूएनसी डिटेल्स, क्लीन्ड’ असते. डिटेल्स म्हणजे नाणे अस्सल आहे, पण साफ केलेले, खरवडलेले किंवा अन्यथा बिघडलेले असल्याने त्याला आकडी ग्रेड नाकारला आहे. अशा नाण्याचा भाव बराच खाली असतो.

लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाका, विक्रेत्याने दिलेल्या लिंकवरून जाऊ नका. क्रमांक सापडला म्हणजे काम झाले असेही नाही, कारण बनावट स्लॅबवर खऱ्या स्लॅबचा क्रमांक छापलेला असतो. साल, टांकसाळीची खूण आणि ग्रेड जुळवा. नोंदीत फोटो असेल तर एखादा ठळक ओरखडा किंवा डाग निवडा आणि तो विक्रेत्याच्या फोटोत त्याच जागी आहे का ते पाहा.

वजन जुळले म्हणून निश्चिंत होणे

ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम. चांदी मात्र आधी ९१.७ टक्के होती आणि १९४० मध्ये ती ५० टक्क्यांवर आणली गेली. वजन तेच राहिले, त्यामुळे नुसत्या काट्यावर फरक कळणार नाही. त्यासाठी घनता काढा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने नाणे पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबकळत धरा. ते तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये आणि त्याला बुडबुडे चिकटलेले नकोत. आता दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेले पाणी. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते.

९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला काट्यावरचा हा पाण्याचा आकडा साधारण १.१३ ग्रॅम येईल (घनता १०.३), ५० टक्केवाल्याला १.२२ च्या आसपास (९.५) आणि तांबे-निकेलच्या नकलेला सुमारे १.३१ (८.९). फरक शंभरांश ग्रॅमांत आहे, म्हणून तीनदा मोजा. झाल्यावर नाणे मऊ कापडावर टिपून कोरडे करा, घासू नका. स्लॅबमधले नाणे यासाठी फोडू नका. चुंबक फक्त ढोबळ नकला पकडतो, कारण पितळ आणि शिसेही त्याला चिकटत नाही. १९४७ चा निकेलचा रुपया मात्र अस्सल असूनही चिकटतो.

फेरफार केलेल्या तारखेपुढे ही चाचणी निरुपयोगी आहे. १९३९ चा रुपया दुर्मीळ. १९३८ च्या नाण्यातला ८ कोरून ९ केला असेल तर धातू, वजन, व्यास सगळे बरोबरच येणार. तिथे १० पट भिंग घेऊन शेवटच्या अंकाभोवतीचा पृष्ठभाग पाहा. तो इतर जागांपेक्षा खोलगट, घासलेला किंवा वेगळ्या रंगाचा असेल तर नाणे परत करा. मागाहून चिकटवलेल्या टांकसाळीच्या खुणेलाही हीच तपासणी लागू पडते. १८९३ चा ‘एस’ खुणेचा मॉर्गन डॉलर फक्त १ लाख पाडला गेला, म्हणून त्या खुणेची नक्कल होत राहते.

नाण्यासोबत आलेली गोष्ट विकत घेणे

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या नावाच्या चांदीच्या थेलर नाण्यावर १७८० साल असते, पण तिच्या मृत्यूनंतर विसाव्या शतकातही तेच साल घालून तो पाडला गेला. ‘अडीचशे वर्षांपूर्वीचे’ म्हणून येणारा चकचकीत थेलर बहुधा पुनर्मुद्रित असतो. ब्रिटिश भारताच्या नाण्यांचीही टांकसाळीतच जुन्या ठशांवरून पुनर्मुद्रणे झाली आहेत. ‘प्रूफ’ (खास घडवलेले चकचकीत नाणे) लिहिले असेल तर मूळ की रीस्ट्राइक (पुनर्मुद्रित) हे लेखी विचारा.

हनुमान, रामदरबार किंवा ॐ असलेले आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले घातलेले ईस्ट इंडिया कंपनीचे आणे तर निखालस काल्पनिक आहेत. कंपनीने असे नाणे काढले नाही. देवांच्या मूर्तींचे कंपनीचे खरे नाणे हवे असेल तर मद्रासचा सोन्याचा तीन स्वामी पॅगोडा पाहा.

पार्सल आल्यावर ढिलाई करणे

पैसे भरण्यापूर्वीच वर्णन, सर्व फोटो आणि परतीच्या अटी यांचे स्क्रीनशॉट ठेवा, कारण विक्रीनंतर मजकूर बदलता येतो. व्यवहार साइटच्या बाहेर नेऊ नका. पाकीट उघडतानाचा अखंड व्हिडिओ घ्या, त्यात सील आणि पत्त्याचे लेबल दिसू द्या. नाणे त्याच दिवशी तपासा, परतीची मुदत पोहोचल्याच्या तारखेपासून मोजली जाते. तक्रारीत ‘आवडले नाही’ असे लिहू नका. ‘वर्णनात अनसर्क्युलेटेड, प्रत्यक्षात कानावरच्या केसांवर झीज आणि डाव्या मोकळ्या जागेत समांतर ओरखडे’ असे लिहा, सोबत जवळून काढलेला फोटो जोडा, आणि परत पाठवताना वजनाची नोंद असलेली पावती घ्या.