हायब्रीड गाडी सजवताय? या चुका टाळा

नवी हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, दारात आली की महिनाभरात ती कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उभी दिसते. स्पॉयलर, साइड स्कर्ट, रुंद टायर, काळी ग्रिल, सगळं एका दुपारी लागतं. मग तीच गाडी आमच्या गॅरेजमध्ये येते आणि तक्रार ठरलेली असते: "दादा, कंपनी 27 च्या वर सांगते, मला 17 पण पडत नाही."

काहीही बसवण्याआधी एक हिशेब करा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, टायरचा अडथळा मात्र वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. माणसांसकट 1,400 किलोची एसयूव्ही घ्या. तिचा हवेचा अवरोध गुणांक 0.35 आणि समोरचं क्षेत्रफळ 2.4 चौरस मीटर धरा. घाटकोपरहून सायनकडे 25 च्या वेगाने सरकताना हवा तिला जेमतेम 25 न्यूटनने मागे ओढते, टायर 135 च्या आसपास. साधारण 60 ला दोन्ही बरोबरीत येतात. अटल सेतूवर 100 ला हवेचा आकडा 390 वर जातो. तेव्हा ज्याचं रोजचं जाणं-येणं घाटकोपर ते बीकेसी आहे, त्याने एअरोडायनॅमिक किटवर घातलेला पैसा पूर्ण वाया जातो. त्याचं पेट्रोल टायर, एसी आणि सिग्नलवरच्या थांबण्यात जातंय.

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक म्हणजे ग्रिल बंद करणं. थंड देशांतले लोक हिवाळ्यात पुढची जाळी झाकतात. इंजिन लवकर तापतं, हवा बाजूने सुटसुटीत जाते, मायलेज थोडं वाढतं. हे व्हिडिओत बघून आपल्याकडची मुलं मे महिन्यात ते करतात. असाच एक डोंबिवलीचा मुलगा आला होता. खालच्या जाळीमागे आतून अॅक्रिलिकची शीट, वर काळा रंग, काम इतकं सफाईदार की बाहेरून कळतही नव्हतं. म्हणाला, "एसी गार करत नाही, गॅस भरून द्या." त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गॅस भरून झालाही होता. फरक शून्य. गाडी उभी करून एसी लावला तर पंखा पूर्ण जोरात, आणि इंजिन सारखं सुरू होतंय.

कारण सरळ होतं. स्ट्राँग हायब्रीडमध्ये, म्हणजे जी थोडं अंतर नुसत्या विजेवरही चालते तिच्यात, एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरत नाही, तो मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो. समोरच्या कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, हवा मिळाली नाही की कॉम्प्रेसर जास्त वीज खातो, बॅटरी उतरते, ती भरायला इंजिन उठतं. पेट्रोल वाचवायला लावलेली शीट पेट्रोल जाळत होती. बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर थंड करणारं पाणीही पुढच्याच रेडिएटरमधून फिरतं, म्हणजे धोका एसीपुरता नव्हता. शीट काढली, कंडेन्सरवरची धूळ पाण्याच्या हलक्या धारेने धुतली, गाडी ठीक झाली. गॅसला हातही लावावा लागला नाही. एसी गार करत नसेल तर मी आधी समोर वाकून जाळी बघतो, गॅसचा दाब मोजायचं गेज नंतर काढतो. आणि ज्यांना खरंच गरज असते त्या गाड्यांत कंपनी उघडझाप करणारे शटर देते, तेही तापमान बघून हलणारे. कायमची शीट त्याची बरोबरी करू शकत नाही.

दुसरी चूक रुंद टायरची. 17 इंची रिम काढून 18 ची जड अलॉय आणि 235 चा टायर. "वजन वाढलं तर काय, ब्रेक मारताना वीज परत मिळतेच ना?" हा युक्तिवाद मी फार ऐकतो. परत मिळते ती थोडीच; प्रत्येक फेरीत मोटर, इन्व्हर्टर, बॅटरी आपापला वाटा खातात. आणि टायर रस्त्यावर दबून जी उष्णता होते ती कधीच परत येत नाही. शिवाय मुंबईच्या वेगात टायरचाच अडथळा मोठा, हे वर आलंच आहे. दिसायला बदल हवाच असेल तर मूळ मापातच हलकी अलॉय घ्या आणि जुनी रिम तराजूवर ठेवून नव्याशी तुलना करा. दुकानदाराला वजन विचारलं की तो डिझाइनबद्दल बोलू लागतो; तिथून मी निघतो.

स्पॉयलरचं थोडक्यात. टोयोटाच्या प्रियस या हायब्रीडची शेपूट हळूहळू उतरत जाऊन एकदम कापलेली असते, ते काही नुसतं डिझाइन नव्हे. 1930 च्या दशकात वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने त्या आकारावर काम केलं. चौथ्या पिढीच्या प्रियसचा हवेचा अवरोध गुणांक 0.24 होता. 2022 मध्ये आलेल्या पाचव्या पिढीत टोयोटाने छताचा उंचवटा मागे सरकवला, गाडी देखणी केली, आणि गुणांक 0.27 झाला. कंपनीलाही रूपाची किंमत मोजावी लागते. दोन पायांवर उभा राहणारा पंख डिकीवर ठोकलात तर तुमचाही अडथळा वाढणार. हौस म्हणून लावा, मायलेजचं नाव घेऊ नका.

गणपतीला गावी जाताना लावलेला कॅरिअर परत आल्यावर लगेच काढा.

इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच, 0डब्ल्यू-16 किंवा 0डब्ल्यू-20. घट्ट ऑइल घातल्याने या इंजिनाचं आयुष्य वाढत नाही.

अॅक्सिलरेटरच्या वायरीत जोडायच्या पेडल बॉक्सने ताकद वाढत नाही. पाय थोडा दाबला तरी जास्त दाबल्याचा निरोप जातो, आणि जिथे गाडी विजेवर सरकली असती तिथे इंजिन उठतं. असे बॉक्स घेणाऱ्यांना पिकअप हवा असतो, आणि तो आजच हवा असतो. त्यांनी हायब्रीड का घेतली, मला उमगत नाही.

सीट कव्हर शिवून घेताना मागच्या सीटजवळची बारीक जाळी शोधा. बऱ्याच हायब्रीडमध्ये मोठी बॅटरी तिथूनच केबिनमधली थंड हवा ओढते. जाड कव्हर, सेव्हन-डी मॅट किंवा सामानाने ती झाकली की मागून पंख्याचा घरघराट येतो, आणि बॅटरी स्वतःला जपायला वीज देणं-घेणं कमी करते. कुत्रं पाळलं असेल तर त्या जाळीच्या फिल्टरमध्ये केसांचा थर बसतो. सर्व्हिसला तो आठवणीने साफ करून घ्या.

स्कर्ट किंवा खालचं पत्र्याचं कव्हर बसवणारा ड्रिल हातात घेतो तेव्हा तिथेच उभे राहा. बॅटरी मागे आणि इन्व्हर्टर पुढे असलेल्या गाडीत नारिंगी केबल खालून जातात, त्यांत जीवघेणा विद्युतदाब असतो. जिथे कंपनीचं भोक नाही तिथे नवीन भोक पाडायचं नाही. "काही होत नाही, साहेब" असं म्हणणाऱ्याकडून चावी परत घ्या.