अल्पभूधारकांसाठी माती आरोग्याची सचित्र पुस्तिका कशी तयार करावी

केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली आणि गावोगावी मातीचे अहवाल पोहोचू लागले. या पत्रिकेत सामू (म्हणजे पीएच, मातीचा आम्ल-विम्लपणा), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, तसेच जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगेनीज) आणि बोरॉन अशा १२ बाबींची नोंद असते. मात्र दीड-दोन एकर कोरडवाहू जमीन कसणाऱ्या कुटुंबापुढे पेरणीच्या तोंडावर जो प्रश्न असतो, तो कृषी सेवा केंद्रातून कोणत्या खताच्या किती गोण्या आणायच्या हा असतो. अहवालातला आकडा आणि हा प्रश्न यांच्यामधले अंतर मिटवणे हेच सचित्र पुस्तिकेचे काम आहे, आणि प्रत्येक पान ठरवताना ‘हे पाहून शेतकरी आज काय करील?’ असे विचारावे. ज्या पानाला याचे उत्तर देता येत नाही, ते पान कितीही देखणे असले तरी काढून टाकावे.

पुस्तिका संपूर्ण राज्यासाठी करण्याचा मोह टाळावा. कोकणातली जांभी जमीन आम्लधर्मी असते, तिथे चुन्याचा वापर उपयोगी ठरतो. मराठवाड्यातल्या बऱ्याच काळ्या जमिनींत मुळातच चुनखडी असते आणि सामू ८ च्या आसपास किंवा त्याहून वर असतो, तिथे तोच सल्ला नुकसान करील. म्हणून एक तालुका किंवा एक पाणलोट क्षेत्र निवडावे आणि तिथल्या जुन्याजाणत्या शेतकऱ्यांकडून जमिनींची नावे आधी गोळा करावीत. भारी काळी, मध्यम, हलकी मुरमाड, बरड, चोपण, खारवट ही नावे म्हणजे लोकांनी पिढ्यान् पिढ्या केलेले वर्गीकरणच आहे. पुस्तिकेची प्रकरणे याच नावांनी पाडली की वाचणाऱ्याला आपले पान लगेच सापडते.

सर्वांत जास्त मेहनत माती नमुन्याच्या पानांवर घ्यावी, कारण नमुना चुकला तर पुढचा सगळा सल्ला चुकतो. नमुना साधारण २० ते २२ सेंटीमीटर खोलीपर्यंतचा हवा असतो. चित्रात मोजपट्टी काढण्याऐवजी खड्ड्याच्या कडेला उभी धरलेली वीत काढावी, कारण मोठ्या माणसाची वीत जवळपास तेवढीच भरते आणि ती प्रत्येकाच्या हाताशी असते. पहिल्या चित्रात नागमोडी चालीने निवडलेल्या आठ-दहा जागा दाखवाव्यात. दुसऱ्यात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा खड्डा आणि त्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत तासून घेतलेला मातीचा सारखा थर दाखवावा. पुढे सगळी माती स्वच्छ घमेल्यात एकत्र करून, ओली असल्यास सावलीत वाळवून, तिचे चार भाग करणे, समोरासमोरचे दोन टाकून देणे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच पुन्हा करणे, ही कृती किमान तीन चित्रांत उलगडावी. एका चित्रात ती कोंबली की हमखास गोंधळ होतो. झाडाखाली, बांधालगत, विहिरीजवळ किंवा शेणखताचा ढीग असलेल्या जागी नमुना घेऊ नये आणि माती खताच्या रिकाम्या गोणीत भरू नये, हेही चित्रानेच सांगावे. नमुना घेणारी व्यक्ती म्हणून बाईचे चित्र आवर्जून काढावे; खुरपणी, वेचणी आणि शेणखत पसरण्याची बरीच कामे ज्या करतात, त्या पुस्तिकेत फक्त डबा घेऊन येताना दिसू नयेत.

खताचे पान शेतकऱ्याच्या मापात हवे. शिफारस हेक्टरी किलोत आणि तीही मूलद्रव्याची असते, खरेदी मात्र गोण्यांत होते. हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असेल, तर एकरी ४० किलो नत्र लागते. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने त्याला सुमारे ८७ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या जवळपास दोन गोण्या होतात. एकराचे ४० चौकोन काढावेत, प्रत्येक चौकोन एक गुंठा, आणि शेजारी दोन गोण्या. मग दहा गुंठ्यांना अर्धी गोणी हे न वाचताही कळते. डीएपी या नत्र-स्फुरदयुक्त खताची ५० किलोची एक गोणी दिली असेल तर तिच्यातूनच ९ किलो नत्र येते, म्हणून युरिया सुमारे २० किलोने कमी करायचा, ही वजाबाकीही तिथेच दाखवावी. अनेकांचे पैसे इथेच वाया जातात. युरिया एकदम द्यायचा नसेल, तर गोणीवर हप्त्यांच्या रेघा मारून प्रत्येकीपुढे पिकाची त्या वेळची उंची काढावी.

पानांवरची लक्षणे दाखवताना केवळ रंगावर भिस्त ठेवू नये. स्वस्त छपाईत पिवळा आणि हिरवा बदलतात, आणि पुस्तिकेची झेरॉक्स काढली की रंग उरतच नाही. लक्षण झाडावर कुठे दिसते, हे रेघांनी दाखवता येते: नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात, तर चुनखडीच्या जमिनीत उसावर किंवा भुईमुगावर लोहाअभावी जो केवडा (पिवळेपणा) पडतो, तो शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर, शिरा हिरव्या राहून. पूर्ण झाड काढून त्याचा तो भाग गडद करावा. तोडलेले एकटे पान कोणत्या टोकाचे, हे कळत नाही.

घरी करून पाहण्याजोगी एक चाचणी जरूर घालावी. शेतातले आणि न नांगरलेल्या बांधावरचे असे सारख्या आकाराचे दोन वाळलेले ढेकूळ पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या ग्लासांत अलगद सोडावेत. शेतातले ढेकूळ बांधावरच्यापेक्षा बरेच लवकर विरघळून खाली बसले, तर त्या मातीतला सेंद्रिय कर्ब घटला असण्याची शक्यता मोठी. शेणखत, हिरवळीचे खत आणि पाचट न जाळणे यांची पाने याच चित्राला जोडावीत.

कच्ची चित्रे छापण्याआधी पाच-सहा शेतकऱ्यांना एकेकटे बसवून दाखवावीत, मजकूर झाकून. ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण भिडेखातर सगळेच हो म्हणतात. ‘या चित्रात कोण काय करते आहे?’ असे विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. भिंगातून मोठा करून दाखवलेला भाग, बाण आणि नुसता कापलेला हात यांच्यापाशी लोक अडखळतात, असे बहुधा दिसेल. तिथे चित्र बदलावे, खाली खुलासा जोडू नये. टिपलेल्या शब्दांतूनच मग चित्राखालची ओळ घ्यावी, म्हणजे ती ‘वापसा आल्यावर’ अशी येते, ‘योग्य आर्द्रता असताना’ अशी येत नाही.

पुस्तिका रब्बीची काढणी झाल्यावर, उन्हाळ्यात रान मोकळे असताना हातात पडली पाहिजे, कारण तेव्हाच नमुना घेता येतो आणि खरिपापूर्वी अहवाल मिळायला वेळ राहतो. अक्षर मोठे, कागद जाड आणि कोपऱ्याला खुंटीवर टांगण्यासाठी भोक असावे. शेवटच्या पानावर गट क्रमांक, तपासणीचे वर्ष, सामू आणि सेंद्रिय कर्ब लिहिण्यासाठी रिकामे रकाने ठेवावेत, आणि मुखपृष्ठावरच ही पुस्तिका कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या जमिनीसाठी आहे, हे ठळक छापावे.