लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये बास रोल-ऑफ कधी आणि कुठे लावायचा

मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग फाटतं ते बहुतेक वेळा बासमुळे. सबवूफरमधून ४० ते १०० हर्ट्‌झचा एवढा मारा येतो की मीटर त्यानेच वर जातो. मग गेन (रेकॉर्डर सिग्नल किती वाढवतो ते) कमी करावा लागतो, आणि गायक, गिटार, झांजा सगळे खाली दबतात. बास रोल-ऑफ, म्हणजेच लो-कट किंवा हाय-पास फिल्टर, योग्य जागी असला तर हा मारा प्रीॲम्पच्या (माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) आधीच उतरवतो. माइक ते रेकॉर्डर या साखळीत तो चुकीच्या जागी असेल तर मात्र बास जातो आणि फाटणं तसंच राहतं.

आधी फाटतंय कुठे ते शोधा

छोट्या इलेक्ट्रेट माइकला रेकॉर्डरकडून केबलमधूनच मिळणारी वीज, म्हणजे प्लग-इन पॉवर, साधारण २ ते ५ व्होल्टची असते. एवढ्या व्होल्टेजवर जोरदार आवाजात कॅप्सूलमधला (माइकच्या आवाज पकडणाऱ्या भागातला) एफईटी हा छोटा ट्रान्झिस्टरच हात टेकतो. तिथे फिल्टर काही करू शकत नाही, कारण तो कॅप्सूलच्या नंतर बसतो आणि त्याच्यापर्यंत सिग्नल पोचतो तोच फाटलेला. त्यावर इलाज म्हणजे ९ ते १२ व्होल्टचा बॅटरी बॉक्स, म्हणजे माइक आणि रेकॉर्डरच्या मध्ये बसून माइकला वीज देणारी डबी. कॅप्सूल ठीक असेल आणि रेकॉर्डरचा माइक-इन भरून जात असेल, तरच रोल-ऑफ कामाचा. त्यातही आधी बॅटरी बॉक्समधून थेट लाइन-इनला (मोठ्या सिग्नलसाठीच्या इनपुटला) जाऊन बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

जुनं फाटलेलं रेकॉर्डिंग हाताशी असेल तर एडिटरमध्ये ड्रमचा एखादा ठोका मोठा करून बघा. शिखरं शून्य डेसिबलला (फाइलच्या कमाल पातळीला) टेकून सपाट झाली असतील तर गेन जास्त होता. उणे १० किंवा १५ वरच छाटल्यासारखी दिसत असतील, तर गेनच्या आधीचंच काहीतरी भरलं होतं. अशा वेळी गेन कितीही उतरवा, आवाज फाटकाच येणार, फक्त बारीक.

रेकॉर्डरच्या मेन्यूतला लो-कट वापरणार असाल तर तो कुठे बसतो हे घरीच तपासा. स्पीकरवर बास भरपूर असलेलं काहीतरी लावा, फिल्टर बंद ठेवून आवाज फाटेपर्यंत गेन वाढवा आणि मग गेनला हात न लावता फिल्टर चालू करा. फाटणं थांबलं तर तो प्रीॲम्पच्या आधी आहे. मीटर खाली आला पण करकर राहिली, तर तो नंतर लागतो. असा फिल्टर कार्यक्रमात वापरण्यात अर्थ नाही. तेच काम एडिटरमध्ये जास्त नीट होतं. ३२-बिट फ्लोटमुळेही (फाइलमध्ये कितीही मोठा आवाज मावणाऱ्या रेकॉर्डिंग पद्धतीमुळेही) यातून सुटका नाही. डिजिटल क्लिपिंग, म्हणजे फाइलमध्ये शिखरं छाटली जाणं, टळतं, पण कॅप्सूल किंवा ॲनालॉग भाग फाटायचा तो फाटतोच.

किती हर्ट्‌झवर कापायचं

फिल्टरवर लिहिलेला आकडा म्हणजे जिथे आवाज ३ डेसिबलने उतरतो ती जागा. त्याखाली सगळं एकदम गायब होत नाही. ६ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा (वारंवारता दर वेळी निम्मी होताना साधारण आणखी ६ डेसिबल उतरवणारा) ८० हर्ट्‌झचा फिल्टर ४० हर्ट्‌झला ७ डेसिबल आणि २० हर्ट्‌झला १२ डेसिबल उतरवतो. वर १६० हर्ट्‌झलाही सुमारे १ डेसिबल जातो. १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा फिल्टर ४० हर्ट्‌झलाच १२ डेसिबल खातो.

बास गिटारची सर्वात खालची तार ४१ हर्ट्‌झची, गिटारची ८२ची. म्हणून बँडसाठी ७० ते ८०, हलका उतार (६ डेसिबलवाला), ही सुरक्षित सुरुवात. १६० किंवा त्यावर जायची वेळ फक्त सबवूफरच्या अगदी पुढ्यात उभं राहावं लागलं तर येते, आणि तिथे आवाज पातळ होणार हे गृहीत धरायचं. ध्वनिवर्धकाशिवायच्या मैफलीत, पियानो किंवा डबल बास असेल तर, फिल्टर बंदच बरा. मंचाची गडगड किंवा एसीची घरघर नंतर काढता येते.

बॉक्समधला कपॅसिटर

बहुतेक बॅटरी बॉक्समध्ये रोल-ऑफ म्हणजे सिग्नलच्या वाटेतला एक कपॅसिटर आणि पुढचा रेझिस्टर. १० किलोओहमबरोबर ०.४७ मायक्रोफॅरड लावला तर ३४ हर्ट्‌झ, ०.२२ लावला तर ७२, ०.१ लावला तर १५९. घोळ होतो तो इथे: रेकॉर्डरचा इनपुटही त्या रेझिस्टरला समांतर जोडला जातो. इनपुट १० किलोओहमचा असेल तर एकूण ५ उरतात आणि ७२चा फिल्टर प्रत्यक्षात १४५ हर्ट्‌झवर कापतो. एकाच बॉक्सने एका रेकॉर्डरवर छान आणि दुसऱ्यावर पोकळ आवाज येतो, तो यामुळे.

कपॅसिटर डीसी अडवतो, त्यामुळे रेकॉर्डरची प्लग-इन पॉवर माइकपर्यंत पोचत नाही. बिनबॅटरीचा फिल्टर मध्ये जोडला की माइक मुका होतो, तो बिघडलेला नसतो. बॉक्सला स्वतःची बॅटरी हवी, आणि रेकॉर्डरची प्लग-इन पॉवर बंद.

जागेवर

फिल्टरच्या आधी जागा बदलून बघा. भिंत, कोपरा आणि जमीन बास फुगवतात. मंचाच्या दोन्ही बाजूंना सबवूफर असतील तर दोन्हींचा आवाज मधल्या रेषेवर एकत्र होतो. तिथून थोडं बाजूला सरकलं तरी फरक ऐकू येतो. मोकळ्या मैदानात माइकवर आधी केसाळ विंडस्क्रीन, मग फिल्टर. वाऱ्याने कॅप्सूलच भरली तर फिल्टर हात टेकतो.

साउंडचेकला किंवा पहिल्या गाण्यात अर्धा मिनिट फिल्टर बंद, अर्धा मिनिट चालू, गेन तोच. शिखर ५-६ डेसिबलने उतरलं तर चालू ठेवा आणि गेन वाढवून शिखरं उणे १२ ते उणे ६ मध्ये आणा. एक-दोन डेसिबलचाच फरक असेल तर बंद करा. निर्णय हेडफोनवर घेऊ नका. एवढ्या आवाजात बास अंगातून ऐकू येतो आणि कान फसतात. दोन्ही माइकला सेटिंग एकच हवं, नाहीतर खालच्या पट्टीत फेज (दोन्ही माइकच्या लहरींचा मेळ) बिघडून स्टिरिओ डळमळतो. माइकवरचा, बॉक्सवरचा आणि रेकॉर्डरचा असे दोन-तीन फिल्टर नकळत एकावर एक लागलेले नाहीत ना, तेही पाहा: ८० हर्ट्‌झचे दोन हलके फिल्टर मिळून ४० हर्ट्‌झला १४ डेसिबल जातात.

हलक्या उताराने गेलेला बास बराचसा परत आणता येतो, विशेषतः २४-बिटमध्ये. एडिटरमध्ये १०० हर्ट्‌झच्या आसपास लो-शेल्फ (त्याखालचा सगळा बास एकत्र वर-खाली करणारा फिल्टर) लावून ३ ते ५ डेसिबल वाढवा. त्याआधी अख्ख्या फाइलची लेव्हल ६ डेसिबल खाली घ्या, नाहीतर तिथेच क्लिप होईल.