मधपेटी आणण्याआधी चार वाट्या

मागच्या चैत्रात आमच्या परड्यातली मधमाश्यांची पेटी चार दिवसांत रिकामी झाली. कारण इतकं फुटकळ होतं की राग अजून जात नाही. यंदा दिवाळीनंतर पुन्हा पेटी आणतोय, त्यासाठी केलेली ही यादी. पहिल्यांदाच माश्या पाळणाऱ्या कुणाला उपयोगी पडली तर पडली.

सगळ्यात आधी वाट्या. पेटीच्या स्टँडच्या चारही पायांखाली एकेक वाटी आणि वाटीत पाणी. मुंगीला पाणी ओलांडून पायावर चढता येत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. मी स्टँड आणला, वाट्या पिशवीतच राहिल्या, पाय चार विटांवर टेकवले आणि म्हटलं, नंतर बघू. नंतर जोतिबाची यात्रा आली, घर पाव्हण्यांनी भरलं, तीन दिवस परड्यात पाऊल नाही. जाता-येता लांबून पेटीच्या दारात माश्यांची झुंबड दिसायची. मला वाटलं, जोरात कामाला लागल्यात. त्या मुंगळ्यांशी झुंजत होत्या. चौथ्या दिवशी झाकण काढलं तर आत एक माशी नाही. पोळ्यावरून मुंगळ्यांची रांग खाली उतरत होती, प्रत्येकाच्या तोंडात पांढरी अळी. सातेरी ही आपली पेटीत पाळायची देशी माशी फार सोसत नाही, त्रास झाला की पिल्लं टाकून अख्खी वसाहत उठून जाते. तर वाट्या. पेटीच्या आधी वाट्या.

माशी सातेरीच घ्या. आग्या पेटीत राहत नाही, तिच्या वाटेला जाऊ नका. फुलोरी झुडपात एकच इवलं पोळं बांधते, तिलाही पेटी मानवत नाही. मेलिफेरा ही युरोपातून आलेली माशी मध जास्त देते, पण तिच्यापायी पेट्या गाडीत घालून फुलोऱ्यामागं गावोगाव फिरावं लागतं. नवख्याचं ते काम नव्हे. सातेरी आपल्या सह्याद्रीतलीच. झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत, अंधारात एकाशेजारी एक पोळी बांधायची तिला सवय असते, म्हणून तर ती पेटीतल्या, पोळं बांधायला टांगलेल्या लाकडी चौकटींवर बसते. पेटीमागं वर्षाला ५ ते १० किलो मध निघाला तर चांगलं झालं म्हणायचं. लाखांची गणितं सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

शिकायचं कुठं? महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथं प्रशिक्षण मिळतं. मधकेंद्र योजनेत निम्मं अनुदान मिळतं, निम्मे पैसे आपले. पुण्यातली केंद्राची मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था तर १९६२ पासूनची. पण त्याआधी आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगडात पाटगावला एक चक्कर मारा, ‘मधाचं गाव’ म्हणून ते पुढं आलंय. एखाद्या मधपाळाबरोबर दोन सकाळी पेट्या उघडून बघितल्या की निम्मी भीती जाते. आणि बघायला गेलात की त्याच्या स्टँडचे पाय बघा. मी नुसत्या माश्या बघत बसलो होतो.

पेटीत दोन गोष्टी तपासा. चौकट आणि पेटीची भिंत यांच्यात सातेरीला ७-८ मिलिमीटर फट हवी. माशीला जायला-यायला नेमकी किती वाट लागते हे लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन पाद्र्यानं १८५१ मध्ये हेरलं आणि त्यावरच आजची उपसती चौकट उभी आहे. फट मोठी झाली की माश्या त्या जागेतही पोळं बांधतात, मग चौकट उपसताना सगळं फाटतं. गावच्या सुताराकडून पेटी करून घेणार असाल तर नमुन्याची पेटी त्याच्यापुढं ठेवा, तोंडी माप सांगू नका. दुसरं, मेणपत्रा, म्हणजे पोळ्याच्या घरांचे ठसे असलेला, चौकटीत बसवायचा मेणाचा पातळ पत्रा, सातेरीच्याच मापाचा घ्या. मेलिफेराच्या पत्र्यावरची घरं मोठी असतात आणि दुकानात नवखा दिसला की तोच हातात पडतो. रंग फक्त बाहेरून द्यायचा, वास जाईपर्यंत पेटी वापरायची नाही.

वसाहत जवळच्या मधपाळाकडूनच घ्या. माश्यांनी भरलेल्या चार-पाच चौकटी, त्यांत अंडी, अळ्या आणि कोषांची बंद घरं अशा तिन्ही अवस्था दिसल्या पाहिजेत. उभी, ताजी अंडी दिसली म्हणजे राणी हल्लीपर्यंत अंडी घालत होती. रानातलं मोहोळ कापून आणतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. दिवाळी ते संक्रांत हा काळ बरा, उन्हाळ्यातल्या फुलोऱ्यापर्यंत माश्या वाढतात.

आता जागा, कोल्हापूरकरांची खरी अडचण. आपल्याकडं चौफेर ऊस. मैलभर ऊस असला तरी माशीच्या पोटाला काही नाही. पेटी ठेवायच्या आधी भोवतीचा किलोमीटरभर परिसर पायी फिरा आणि काय कधी फुलतं ते मोजा: शेवगा, नारळ, आंबा, जांभूळ, नीलगिरी, बियाण्याला सोडलेला कांदा, फुलावर आलेली कोथिंबीर. राधानगरी, आजरा, गगनबावड्याकडं रान आहे, जांभूळ आहे, हिरडा आहे, त्यांना आमच्यासारखी झाडं मोजावी लागत नाहीत. जवळ गुऱ्हाळ असेल तर दुसरी जागा शोधा. रसाच्या वासानं माश्या तिथं जातात आणि काहिलीत पडून मरतात. गुळव्या वैतागतो तो वेगळाच. शेजारच्या रानवाल्यांना आधी भेटा, फवारणी संध्याकाळी करा आणि आदल्या दिवशी सांगा अशी विनंती करा. फुलात असलेल्या पिकावर सकाळी औषध मारलं की दुपारी दारात मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. पेटीचं दार पूर्वेला, सकाळचं ऊन, दुपारची सावली, वाऱ्याला आडोसा. पाण्याला पसरट भांडं, त्यात खडे, नाहीतर माश्या बुडतात. तारेवर बसून माश्या टिपणाऱ्या वेड्या राघूला दगड मारू नका, त्याचं पोट किती असतंय!

आणि वाट्या. होय, परत. विकतच्या नकोत तर नारळाच्या करवंट्या चालतात, पण बुडाखाली माती नीट बसवा, कलंडतात. एप्रिलात पाणी दोन दिवसांत आटतं, म्हणून त्यावर वापरलेल्या तेलाचे चार थेंब सोडा, डासही होत नाहीत. स्टँडच्या पायाला वर ग्रीस फासा. वाटीत पडलेलं एक वाळकं पान मुंगीला पूल होतं. पेटीला टेकलेली फांदीसुद्धा पूलच, तिच्यावरून आल्या तर खालच्या वाट्या नुसत्या शोभेच्या. लग्नाला, यात्रेला, कुठंही दोन दिवस जाणार असाल तर वाट्यांत पाणी घालायला माणूस सांगून जा. मी आमच्या अण्णांना सांगितलंय. ते हसतात, हसू देत.

अंगावरचं सामान: तोंडाची जाळी, फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, पटाशी, धूर करायचं यंत्र. धुराला शेणी, गोणपाट किंवा नारळाची शेंडी, रॉकेल अजिबात नको. अत्तर नको, आणि केळं खाऊन जाऊ नका. डंखातून माश्या धोक्याचा जो वास सोडतात तो पिकल्या केळासारखाच असतो, आणि त्यावर बाकीच्या धावून येतात. डंख चिमटीत धरून उपटायचा नाही, नखानं खरवडून काढायचा. गांध उठली, सूज आली तर घाबरायचं कारण नाही. पण श्वास लागला, ओठ-घसा सुजला, चक्कर आली तर चुना लावत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

पेटी रात्री आणायची, दाराला जाळी ठोकून, हिसके न देता. एकदा ठेवली की हलवायची नाही. दहा-वीस फूट सरकवली तरी रानातून आलेल्या माश्या जुन्याच जागी घिरट्या घालतात. आल्यावर चार दिवस उघडू नका. हात शिवशिवतात, कळतं मला. मग दर आठ-दहा दिवसांनी, ऊन असताना, सकाळी नऊ-दहाला, दारासमोर उभं न राहता बाजूनं उघडा. राणी दिसली नाही तरी चालेल, अंडी दिसली पाहिजेत. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती घरं दिसली तर नवी राणी होतीय, वसाहत फुटणार, मधपाळाला फोन करा. झाकण लावलं की परतायच्या आधी खाली वाका आणि वाट्या बघा.

मध: घरांवर मेणाचं झाकण बसल्याशिवाय काढू नका, पातळ मध आंबतो. वरच्या कोठीतलाच काढा, खालच्या कोठीला हात लावायचा नाही, ती पिल्लांची. पिळायचा नाही, यंत्रात फिरवायचा, पोळी परत द्यायची.

पावसाळा: जून ते सप्टेंबर फारसं फूल नाही, साखर आणि पाणी समसमान वजनानं घेऊन पाक द्या, संध्याकाळी, बाहेर न सांडता. गूळ नको, कोल्हापूरचा असला तरी नको, माश्यांना हगवण लागते. रिकाम्या चौकटी काढून घ्या, मेणपतंग लागतो, त्याच्या अळ्या पोळं खातात. झाकणावर पत्रा आणि दगड. वाट्या पावसानं आपोआप भरलेल्या दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका. भोवतीचं गवत वाढून पेटीला टेकतं आणि मुंगळे त्यावरून चढतात, तेव्हा दर आठवड्याला विळा घेऊन स्टँडभोवती हातभर जागा मोकळी करा.