जुन्या पैठणीचा पदर भिंतीवर लावताना

पैठणीचा पदर टेपेस्ट्री पद्धतीने, म्हणजे रंगीत धाग्यांनी नक्षी विणतानाच उमटवत, विणलेला असतो, त्यामुळे मोर-मुनिया भिंतीवरही शोभतात. पण खिळे किंवा क्लिपा लावल्या की सगळं वजन दोन-चार ठिकाणी येतं आणि जुनं रेशीम तिथेच फाटतं. त्यावर वेल्क्रोची पट्टी हा सोपा उपाय आहे. अनेक संग्रहालयांत मोठमोठ्या टेपेस्ट्रीही अशाच टांगतात.

१. मांजरपाट आधी धुऊन आटवून घ्या. पदराच्या रुंदीएवढी, चार बोटं उंच पट्टी कापा.
२. वेल्क्रोची मऊ बाजू या पट्टीवर मशीनने शिवा.
३. मग ही पट्टी पदराच्या मागे वरच्या कडेला हाताने शिवा. बारीक सुई, सुती दोरा, टाके सैल. सुई धाग्यांच्या मधून जाऊ द्या. जरीत मुळीच खुपसू नका. इथे घाई नको.
४. वेल्क्रोची खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर स्टेपल करून ती पट्टी भिंतीला स्क्रूने लावा. मागे वॉशर घातले तर थोडी फट राहते आणि ओल कापडाला लागत नाही.

पावसाळ्यात पदर हलक्या हाताने सोडवून ठेवता येतो.

थेट ऊन येणारी भिंत मात्र टाळाच. उडालेला रंग परत येत नाही.