मदरबोर्ड नवा, विंडोज जुनीच

मदरबोर्ड बदलला. पंखे फिरले, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) जुनी विंडोज असलेली एसएसडी डिस्क दिसली, पण बूटच्या, म्हणजे कशावरून संगणक सुरू करायचा त्या यादीत तिचा पत्ताच नाही. विंडोज नव्याने टाकायची माझी अजिबात इच्छा नव्हती. इतकी सॉफ्टवेअर आणि सेटिंग्ज पुन्हा कोण लावणार?

गोम डिस्कच्या मांडणीत होती. जुना बोर्ड लेगसी बायोसवर, म्हणजे संगणक सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीवर चालायचा, म्हणून डिस्कची मांडणीही जुन्या, एमबीआर पद्धतीची. नव्या बोर्डाला फक्त यूईएफआय ही नवी पद्धत चालते, आणि विंडोजला त्यासाठी जीपीटी या नव्या मांडणीची डिस्क लागते. काही बोर्डांत सीएसएम (जुनी पद्धत चालवू देणारी सेटिंग) चालू करून भागतं. माझ्यात तो पर्यायच नव्हता.

विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन सोबतच येतं. ते डेटा न पुसता डिस्क बदलतं, तरी आधी पूर्ण बॅकअप घ्याच. मी विंडोज इन्स्टॉल करायच्या पेन ड्राइव्हवरून बूट केलं, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला. आधी 'व्हॅलिडेट' (डिस्क बदलता येईल का याची तपासणी), ते पास झाल्यावरच 'कन्व्हर्ट' (प्रत्यक्ष बदल). डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) असतील तर ते पहिल्याच पायरीवर अडतं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर बोर्ड काढण्यापूर्वीच रिकव्हरी की लिहून ठेवा.

विंडोज सुरू झाली. नेटवर्कचा ड्रायव्हर तेवढा पेन ड्राइव्हवरून टाकला.

राहिलं ॲक्टिव्हेशन, म्हणजे विंडोजचं लायसन्स नव्या बोर्डावर मान्य होणं. लायसन्स रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) होतं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधीच जोडलेलं, त्यामुळे ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर नुकतंच बदललं' हा पर्याय निवडताच काम झालं. ओईएम (संगणकासोबतच आलेलं) लायसन्स मात्र जुन्या बोर्डाशीच बांधलेलं असतं.