दोन प्रदेशांच्या मृत्युदरांची तुलना कशी करावी

नमुना नोंदणी पद्धतीच्या (निवडक ठिकाणांच्या पाहणीवरून जन्म-मृत्यूचे दर काढणाऱ्या सरकारी योजनेच्या) २०२० च्या आकडेवारीत केरळचा मृत्युदर हजारी ७, तर मध्य प्रदेशाचा ६.५ नोंदलेला आहे. एवढ्यावरून केरळचे आरोग्य मध्य प्रदेशाहून खालावलेले आहे असा निष्कर्ष काढणे साफ चुकीचे ठरेल, कारण त्याच वर्षी हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेल्या बालकांचे प्रमाण केरळात ६ आणि मध्य प्रदेशात ४३ होते. जपानची गोष्टही अशीच आहे. तेथील मृत्युदर २०२२ मध्ये हजारी १२ च्या वर होता, म्हणजे भारताच्या जवळपास दुप्पट. तरीही जपानी माणसाचे सरासरी आयुर्मान ८४ वर्षांच्या घरात आहे.

म्हणून कोणताही मृत्युदर हाती आला की प्रथम तो अशोधित आहे की वयानुसार प्रमाणित केलेला आहे, हे तपासावे. वर्षभरातील एकूण मृत्यूंना एकूण लोकसंख्येने भागून जो येतो तो अशोधित दर होय, आणि त्यात रोगराईइतकाच लोकसंख्येच्या वयाचाही वाटा असतो. जपानमध्ये सुमारे २९ टक्के लोक ६५ वर्षांवरील आहेत. तेथील एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे आयुष्यभरात होणाऱ्या मुलांची सरासरी, दीर्घकाळ घसरत जाऊन २०२२ मध्ये १.२६ वर आला, त्यामुळे तरुणांचा वाटा आटला आणि अशोधित मृत्युदर वाढला.

यानंतर प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर वेगळा मांडावा. हे काम कागदावरही सहज होते आणि एकदा स्वतःच्या हाताने केल्याशिवाय त्याचे महत्त्व पटत नाही, असे माझे मत आहे. समजा, प्रत्येकी १०,००० वस्तीची दोन गावे आहेत. पहिल्या गावात १,००० वृद्ध असून त्यांच्यातील मृत्युदर हजारी ४०, तर उरलेल्या ९,००० जणांतील २ आहे. वर्षाचे मृत्यू ४० अधिक १८, म्हणजे ५८. दुसऱ्या गावात ३,००० वृद्ध असून त्यांच्यातील दर ३०, तर उरलेल्या ७,००० जणांतील १ आहे; मृत्यू ९० अधिक ७, म्हणजे ९७. अशोधित दर ५.८ आणि ९.७ आले, आणि दोन्ही वयोगटांत ज्याची स्थिती सरस आहे तेच गाव आजारी दिसू लागले. आता २,००० वृद्ध आणि ८,००० इतर अशी एकच प्रमाण लोकसंख्या धरून तिला दोन्ही गावांचे वयोगटनिहाय दर लावावेत. पहिल्या गावाचा वयानुसार प्रमाणित दर ९.६ आणि दुसऱ्याचा ६.८ येतो, म्हणजे क्रम उलटतो. प्रमाण लोकसंख्या बदलली तर हे आकडेही बदलतात. म्हणून वेगवेगळ्या प्रमाणांवर काढलेले दर एकमेकांशेजारी ठेवू नयेत.

वयोगटनिहाय आकडे मिळत नसतील तर बालमृत्युदर आणि आयुर्मान पाहावे, कारण या दोन्हींवर लोकसंख्येच्या वयोरचनेचा परिणाम होत नाही. मात्र आयुर्मानाचा अर्थ जपून लावावा. १९४१ ते १९५१ या दशकात भारताचे आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, याचा अर्थ माणसे तिशीतच म्हातारी होऊन मरत होती असा नव्हे. असंख्य मुले पाळण्यातच दगावत असल्याने सरासरी खाली ओढली जात होती. त्या काळातही बालपण पार केलेला माणूस बत्तिशीच्या बराच पुढे जगण्याची शक्यता मोठी होती.

शेवटी भाजकाकडे पाहावे. २०११ नंतरच्या दशकातील भारतीय दर ज्या लोकसंख्येने भागलेले असतात ती बहुधा अंदाजित असते, कारण २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. जिल्हा किंवा तालुका पातळीवर, जेथे स्थलांतर मोठे असते, तेथे हा अंदाज विशेष चुकू शकतो. तेव्हा अशा ठिकाणी एका वर्षाच्या दरावर विसंबण्याऐवजी तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्यावी आणि लोकसंख्या कोणत्या वर्षाच्या कोणत्या अंदाजावरून घेतली, हे आकड्याखाली लिहावे.